सूचना सर्वांना लागू आहे

आमच्या धारवाडात दारात आलेल्या माणसाला आधी बसायला सांगतात, मग पाणी देतात, आणि काय काम काढलंत हे त्यानंतर विचारतात. पुष्कळदा तेही विचारत नाहीत; माणूस निघता निघता, चप्पल घालताना, स्वतःच सांगतो. मी इथल्याच मळमड्डी भागात वाढले, त्यामुळे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. तरीही एका म्हाताऱ्या माणसाला मी तोंडावर दार लावावं तसं बोलले, चाळीसेक लोकांच्या देखत बोलले. माझ्या त्या एका ओळीमुळे त्यांच्या गेलेल्या बायकोचे शब्द, त्यांनी जपून ठेवलेले, कायमचे पुसले गेले. आणि मला ते वर्षभर कळलंही नाही, कारण ते माझ्या दारात आलेच नव्हते. त्यांनी ईमेल पाठवली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हुबळीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. रोज सकाळी धारवाडहून बस, संध्याकाळी परत बस, आणि घरी आई. माझ्या मामेभावाच्या लग्नाची पत्रिका छापायला टाकली होती ती कोप्पीकर रोडवरच्या एका छापखान्यात. मालक मूळचे मिरजेकडचे, पण तीन पिढ्या हुबळीत. आमच्याकडे पत्रिका दोन भाषांत लागते, मराठी आणि कन्नड, कारण अर्धं गणगोत इकडचं आणि अर्धं तिकडचं. त्या काळी कॉम्प्युटरवर प्रत्येक भाषेचा कारभार वेगळा होता. मालक मराठीचा कागद वेगळा काढत, कन्नडचा वेगळा, आणि मग कात्रीने कापून, डिंकाने चिकटवून त्याचं पान करत. मी ते बघून म्हटलं, एकाच ओळीत दोन्ही भाषा टाइप होतील असा प्रोग्रॅम मी महिन्याभरात करून देते. मला आठ महिने लागले. मामेभावाला तोवर दिवस गेलेल्या बायकोसाठी डॉक्टर शोधायची वेळ आली होती.

तो प्रोग्रॅम मी सगळ्यांना फुकट देऊन टाकला, आतल्या मांडणीसकट. याला ओपन सोर्स म्हणतात. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं, पुढे द्यावं. जो माणूस असा प्रोग्रॅम सांभाळतो, चुका दुरुस्त करतो, नव्या आवृत्त्या काढतो, त्याच्यावर वापरणाऱ्यांचाही भार असतो. त्यांनी विचारायचं, त्याने सांगायचं. पहिलं वर्षभर वापरणारे म्हणजे छापखान्याचे मालक एकटेच होते. ते रविवारी धारवाडला येत, आईच्या हातचा चहा घेत, हवापाण्याचं बोलत, आणि उठता उठता म्हणत, ‘अक्का, तेवढा जोडाक्षरात घोळ होतोय बघा.’ मी तेवढा घोळ काढून टाकायची. मला आजही वाटतं, तो प्रोग्रॅम सगळ्यात चांगला चालला तो त्या वर्षी.

मग माणसं वाढली. बेळगावचे एक मास्तर, सोलापूरचं एक वाचनालय, गदगचा एक वकील, असे करत चाळीस-पन्नास जण झाले. एकेकाला उत्तर देणं जमेना म्हणून मी मेलिंग लिस्ट काढली. म्हणजे एकाने लिहिलं की सगळ्यांना जातं, उत्तरही सगळे वाचतात, आणि तोच प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही, निदान विचारू नये अशी अपेक्षा असते. मालकांनाही मी सांगितलं की यापुढे लिस्टवर लिहीत चला, घरी येऊ नका. मी हे हसून सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि त्यांचं येणं थांबलं. आईने दोन-तीनदा विचारलं, त्यांचं काही बिनसलं का. मी म्हटलं, काही नाही, पद्धत बदललीय.

लिस्टवर मी माझी फक्त आद्याक्षरं लिहीत असे. सगळे मला सर म्हणायला लागले. मी कधी दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कॉलेजात माझ्याहून कमी जाणणाऱ्या लोकांना सर सर म्हणत हिंडायचं आणि इथे मात्र पन्नास माणसं मला सर म्हणतात, यात काही वेगळंच सुख होतं. आणि सर झाल्यावर मी सरांसारखी बोलायलाही लागले. मी परदेशातल्या मोठमोठ्या प्रोग्रॅमच्या लिस्टा वाचत असे. तिथली मोठी माणसं फटकून बोलत. नवख्याने काही विचारलं की एका ओळीत त्याची हजेरी घेत, आणि बाकीचे त्यावर हसण्याची चिन्हं टाकत. मला वाटलं, हुशार माणसांचा हाच रिवाज असणार. मुळात मला राग लवकर येतोच. लहानपणी आई म्हणायची, हिच्या नाकावर माशी बसायला जागा नाही. त्या रागाला आता एक व्यासपीठ मिळालं.

दोन हजार साल उलटल्यावर सगळ्या जगानेच अक्षरं साठवण्याची एक समाईक पद्धत धरली, तिला युनिकोड म्हणतात. मीही माझा प्रोग्रॅम त्या पद्धतीवर नेला. उन्हाळ्याची सगळी सुट्टी त्यात गेली. नवी आवृत्ती जुनी फाइल उघडायची, आतली अक्षरं नव्या पद्धतीत बदलायची आणि त्याच नावाने परत साठवायची. मी मराठी फायली तपासल्या. कन्नड फायली तपासल्या. एकाच फायलीत दोन्ही भाषा असलेली एकही तपासली नाही. जो प्रोग्रॅम मुळात त्याच एका कामासाठी जन्माला आला होता, त्याचं तेच एक काम मी तपासलं नाही. छापखानेवाले सोडले तर असं दोन भाषांत कोण लिहितो, आणि त्यांच्या फायली तर लग्न लागलं की रद्दीत, असा माझा हिशेब होता.

मग मी लिस्टवर सूचना काढली. नव्या आवृत्तीची घोषणा खरं तर कशीही करता येते. मी ती सरकारी थाटात केली, कारण तेव्हा मला तो थाट चढला होता. सर्वांनी जुन्या फायली नव्या आवृत्तीत उघडून जतन कराव्यात. जुनी आवृत्ती काढून टाकावी. जुन्या आवृत्तीबद्दलच्या शंकांना यापुढे उत्तर मिळणार नाही.

त्याच आठवड्यात लिस्टवर एक ईमेल आली. इंग्रजीत होती, जुन्या कचेरीच्या इंग्रजीत. मराठीत ती साधारण अशी होईल: ‘आदरणीय सर, सविनय सादर. आपली सूचना मिळाली. माझ्या कागदपत्रांत एकाच पानावर मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषा आहेत. सदर सूचना अशा कागदपत्रांनाही लागू आहे काय, याचा कृपया खुलासा व्हावा.’

चाळीस-पन्नास जणांतल्या या एकाच माणसाने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. मी नुसती त्यांच्यासारखी एक फाइल करून बघितली असती तरी पाच मिनिटांत चूक सापडली असती. पण मला त्या मजकुरात प्रश्न दिसलाच नाही. मला दिसलं ते ‘सविनय सादर’ आणि ‘सदर सूचना’. कामाचं ओझं होतं, पेपर तपासायचे होते, हे सगळं खरं असलं तरी ते कारण नव्हे. मला त्या माणसाची थोडी गंमत करावीशी वाटली, एवढंच कारण. मी त्यांच्याच भाषेत लिहिलं, ‘सूचना सर्वांना लागू आहे. विचारण्याआधी ती नीट वाचत चला.’

दोघातिघांनी त्याखाली हसण्याची चिन्हं टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, ‘खुलासा मिळाला. आभारी आहे.’ मी ते वाचून खूश झाले. म्हटलं, असं बोललं की लोक सरळ होतात.

काही महिन्यांनी छापखान्याच्या मालकांचा फोन आला, अगदी दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता मी विचारलं, नवी आवृत्ती कशी चालतेय. ते म्हणाले, ‘मी घातलीच नाही हो अक्का. तुमच्या सूचना मी वाचतच नाही.’ मी त्यांना बरंच ऐकवलं. आज कळतं की माझं न ऐकणारा तो एक माणूस सुखरूप राहिला होता.

वर्ष गेलं. एका शनिवारी आई भाजी घेऊन आली आणि म्हणाली, आपल्या मागच्या दुसऱ्या बोळात शिरस्तेदार अण्णा राहतात, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांच्या सुनेची गाठ पडली होती. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये अक्षरांची प्रश्नचिन्हं झालीत म्हणे. कुणाला दाखवत नाहीत, नुसते बघत बसतात. तू एकदा जाऊन ये. मी नाही म्हटलं. गल्लीतले कॉम्प्युटर बघत बसले तर माझं काय होईल, वगैरे. आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की रविवारी सकाळी मी गेले.

अण्णा फाटकातच उभे होते. ऐंशीच्या आसपासचे, अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा, दाढी केलेली. मला बसवलं, पाणी दिलं, आईची चौकशी केली, माझे वडील कुठल्या खात्यात होते ते विचारलं. कॉम्प्युटरचं नाव नाही. शेवटी मीच विचारलं. तेव्हा ते उठून कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले, कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं झाकण काढलं, घडी करून बाजूला ठेवलं, आणि एक फाइल उघडली. उघडणारा प्रोग्रॅम माझा होता. थोडं अभिमानानेच गप्प बसले, हे कबूल करते.

पडद्यावर लिहिलं होतं:

विषय: तवा
मी: हा तवा आता टाकून देऊ या.
ती: ??????? ????? ???? ??????

विषय: धाकट्याची परीक्षा
मी: नापास झाला तर काय करायचं?
ती: ?? ?????? ?????

पान खाली खाली जात राहिलं. सगळीकडे ‘मी’ शाबूत होता. ‘ती’च्या पुढे फक्त प्रश्नचिन्हं.

त्यांनी सांगितलं ते असं. बायको हावेरीकडची, कन्नड घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी कळायचं पण बोलायला लाजायची, आणि पुढे तीच सवय झाली. पन्नास वर्षं हे मराठीत बोलले आणि तिने कन्नडात उत्तर दिलं. दोघांनाही त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. आमच्या धारवाडात अशी घरं कमी नाहीत. ती गेली आणि दोन वर्षांनी यांच्या लक्षात आलं की तिची बोलणी आपण विसरायला लागलोय. म्हणून मुलाने टाकून दिलेला कॉम्प्युटर यांनी घेतला, टाइप करायला शिकले, आणि आठवेल तसा एकेक प्रसंग लिहून काढला. कचेरीची सवय म्हणून प्रत्येकाला विषय घातला. आपलं मराठीत, तिचं कन्नडात, जसं बोलणं झालं होतं तसं. तिच्या तोंडचं कन्नड मराठीत करून लिहिलं तर ते तिचं राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही लिप्या एका ओळीत लिहिता येतील असा प्रोग्रॅम बरेच दिवस सापडत नव्हता. मग सापडला.

‘ते सर फार मोठे गृहस्थ आहेत, अक्का,’ ते म्हणाले. ‘सगळं फुकट देतात. मला एक शंका होती, विचारली, तर त्याच दिवशी उत्तर दिलं त्यांनी. मग सांगितलं तसंच केलं की मी. एकेक फाइल उघडली, जतन केली. माझ्याकडूनच कुठली तरी पायरी चुकली असणार.’

मी विचारलं, फ्लॉपीवर प्रत काढून ठेवली असेल ना. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात फ्लॉप्या होत्या, प्रत्येकीवर नंबर घातलेला. त्याही त्यांनी नव्या आवृत्तीत उघडून जतन केल्या होत्या, कारण मूळ आणि प्रत यांत फरक राहता कामा नये. चाळीस वर्षं त्यांनी कचेरीत हेच सांभाळलं होतं. कागदावर लिहिलेलं? ते कच्चं होतं. फेअर कॉपी झाल्यावर कच्चं ठेवायचं नसतं. सुनेने बंबात घातलं होतं.

दुसरा कुणी असता तर तो एखादी फ्लॉपी विसरला असता, त्याने आळस केला असता, सूचना अर्धीच वाचली असती. छापखान्याच्या मालकांनी ती वाचलीही नव्हती. या माणसाने तिचं अक्षरन् अक्षर पाळलं होतं. आधी खुलासा मागितला होता, आणि खुलासा मिळाल्यावर पाळलं होतं.

‘ते सर म्हणजे मीच,’ मी म्हटलं.

ते म्हणाले, ‘तुम्ही बाई आहात हे ठाऊक नव्हतं. सर सर लिहीत राहिलो. माफ करा हं.’

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मी सांगितलं की तुमची काही पायरी चुकली नाही, चूक माझी आहे, तुमची शंका बरोबर होती आणि मी ती बघितलीसुद्धा नाही. ते ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘मग तुम्हीच सांगा. परत येतील का ही अक्षरं?’

‘नाही, अण्णा.’

‘दुसऱ्या कुठल्या मार्गानं?’

‘नाही. ती फायलीत उरलेलीच नाहीत.’

वरच्या कचेरीतून अर्ज नामंजूर होऊन आल्यावर माणूस मान हलवतो, तशी त्यांनी मान हलवली. मग आत हाक मारून सुनेला चहा टाकायला सांगितला.

त्या संध्याकाळी मी लिस्टवर सगळं लिहिलं. आवृत्तीत चूक आहे, ती अमुक आहे, एका सभासदाने त्याबद्दल आधीच विचारलं होतं आणि मी ते हसण्यावारी नेलं, त्यांचं नुकसान भरून येणारं नाही. ज्यांनी तेव्हा हसण्याची चिन्हं टाकली होती त्यांच्यापैकी एकाने लिहिलं की फुकटच्या प्रोग्रॅमबद्दल एवढं मनाला लावून घेऊ नये. पुढच्या रविवारी मी छापखान्याच्या मालकांना फोन करून घरी चहाला बोलावलं. ते आले, पण काम काही सांगितलं नाही.

अण्णांकडे मी दर रविवारी जायला लागले. कल्पना माझी होती. मी त्यांचं वाक्य वाचायचं, त्यांनी तिचं उत्तर आठवायचं, मी ते कन्नडात लिहायचं. मला कन्नड येतं, मळमड्डीत कुणाला येत नाही? पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की प्रश्नचिन्हं मधल्या मोकळ्या जागा सोडून पडली आहेत. अक्षरं गेली होती, पण शब्दांची संख्या उरली होती, कुठला शब्द लांब आणि कुठला तोकडा तेही उरलं होतं. अण्णांना आठवेल ते या सांगाड्याशी ताडून बघता येत होतं. हे सांगितल्यावर त्यांना एवढा आनंद झाला की ते उठून फेऱ्या मारायला लागले. त्यांनी लगेच नियमही घातला. जुळलं तरच लिहायचं. जुळत नसेल तर जागा तशीच सोडायची. ‘खोटी नोंद नको,’ ते म्हणाले.

पहिले काही महिने बरे गेले. विषय होता स्कूटर. त्यांचं वाक्य, मागे नीट धरून बस. पुढे चार शब्दांची चिन्हं. ते डोळे मिटून बसले आणि एकदम हसायला लागले. ‘निम्म गाडीकिंत चक्कडी बेस.’ तुमच्या गाडीपेक्षा बैलगाडी बरी. चार शब्द, लांबी बरोबर. आतून सूनही हसली, तिने सासूबाईंच्या तोंडून ते बरेचदा ऐकलं होतं. तव्याचं जुळलं. धाकट्याच्या परीक्षेचं जुळलं. दर रविवारी दोन-तीन ओळी भरायच्या आणि मी घरी येताना हलकी होऊन यायची. मला वाटायला लागलं की माझी चूक मी ओळी-ओळीने फेडतेय. असं वाटणं हाही एक प्रकारचा उद्धटपणाच होता.

कारण पुढच्या वर्षी ओळी भरेनाशा झाल्या. मी वाक्य वाचायची आणि अण्णा खिडकीबाहेर बघत राहायचे. सांगायचे ते जुळायचं नाही. पाच शब्दांच्या जागी आठ, तीनच्या जागी एक. मी म्हणायची, अण्णा, आणखी थोडं आठवा. ते आणखी दमायचे. एकदा त्यांनी एक उत्तर भराभर सांगितलं आणि मी टाइप करायला घेतलं तर ते मराठी होतं.

मी विचारलं, ‘त्या मराठी बोलायच्या कधी?’

‘छे. जन्मात नाही.’ आणि मग आपण काय सांगितलं हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या दिवशी आम्ही पुढे काही लिहिलं नाही. त्यांच्या आठवणीत ती आता त्यांच्याच भाषेत बोलायला लागली होती, आणि ज्या कागदाने ते थांबवलं असतं तो कागद मी पुसला होता.

लिस्टवर मी या काळात वेगळी वागत होते. कुणी काहीही विचारलं तरी आधी त्याची फाइल मागवून बघायची. सूचनेत आता पहिली ओळ असायची, जुनं काहीही टाकून देऊ नका. लोक म्हणत, सर बदलले. माझा राग काही कुठे गेला नव्हता. तो आला की मी उठून अंगणात जाऊन यायची. अण्णाही लिस्टवर अधूनमधून लिहीत, माझ्या शेजारी बसून बोलता आलं असतं अशा गोष्टीसुद्धा, आणि सुरुवात तीच असे, आदरणीय सर. पत्राचा नमुना तसा आहे, त्याला इलाज नाही, असं ते म्हणत.

फायलीत एक नोंद अशी होती की ती आली की अण्णा दर वेळी ‘पुढचं घ्या’ म्हणायचे. विषय: राग. त्यांचं वाक्य, मी तुला उगीच बोललो. त्याखाली बायकोचं उत्तर, दोन ओळी भरून चिन्हं. मी ते शब्द फार पूर्वीच मोजले होते. तेरा होते. पन्नास वर्षांत सगळ्यात लांब बोललेली ती तिथेच, असं वाटायचं मला. काय म्हणाली असेल, काय बोलले होते अण्णा, हे मी कधी विचारलं नाही.

त्या रविवारी अण्णांना खुर्चीत बसवत नव्हतं, म्हणून ते कॉटवर उशीला टेकून होते. मी खालपासून वर जात, न भरलेल्या ओळी वाचत होते. एकही जमली नाही. ‘राग’ हा विषय आला तेव्हा मी सवयीने तो ओलांडून पुढे जाणार होते, तर ते म्हणाले, ‘ते वाचा की.’

मी वाचलं. मी तुला उगीच बोललो.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं डोळा लागला. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि अगदी स्पष्ट सांगितलं, ‘इर्ली बिड्री. असं म्हणालती ती. इर्ली बिड्री.’

असू द्या, सोडून द्या. आमच्याकडे हे दिवसातून दहा वेळा म्हणतात, दूध उतू गेलं तरी आणि माणूस चुकला तरी. ते ती बोलली असेल की नाही, ते त्यांना आठवलं होतं की मला बघून सुचलं होतं, मला सांगता येणार नाही.

‘जुळतंय का?’ त्यांनी विचारलं.

तो आमचा शेवटचा रविवार होता, हे मला पुढच्या गुरुवारी कळलं. पण ते ठाऊक असतं तरी मी दुसरं काही म्हणाले नसते.

‘जुळतंय, अण्णा,’ मी म्हटलं, आणि तेरा शब्दांची चिन्हं पुसून त्या जागी ते दोन शब्द लिहिले.